बदलीची बाई

३ तारीख, शनिवार

धाकटे,

सव्वीस तारखेच्या सुनावणीत मालकांच्या बाजूनं जी कामवाली बोलणार आहे, ती तू आहेस. काल संध्याकाळी वकीलबाईंनी फोन करून हे पक्कं सांगितलं. मी म्हटलं, काहीतरी घोळ असेल. त्या म्हणाल्या, "ताई, वय, गाव, काम, सगळं जुळतंय. आणि यादीत पुढे लिहिलंय, संघटनेच्या अध्यक्षांची सख्खी बहीण. अशा किती बहिणी आहेत तुम्हाला?"

एकच आहे. ती माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

त्या घरात पेपर तुझ्या हाती कधी लागतो कोण जाणे, म्हणून थोडक्यात सांगते. घरकामगारांच्या कायद्याचं बाकी सगळं जवळजवळ ठरलं आहे. कामावर ठेवताना लेखी करार, काढताना आधी सूचना. अडलंय ते एका कलमावर. घरात राहून काम करणाऱ्या बाईला रात्रीची सलग झोप आणि आठवड्याला एक सुट्टी. मालकांच्या संघाचं म्हणणं असं की या बायका घरच्यासारख्याच असतात, आणि घरच्या माणसाला कसली आलीय सुट्टी? हे सुनावणी घेणाऱ्या समितीसमोर सांगायला त्यांना अशी एक घरची बाई हवी होती. त्यांनी ती माझ्या घरची निवडली.

तू का तयार झालीस, ते मला कळतं. ते पत्रक तुझ्या हाती पडलं असणार. मनगटाला दोरी बांधलेल्या बाईचं चित्र, आणि खाली, "आजारी मालकिणीच्या खाटेला रात्रभर बांधलेली". ते मी लिहिलेलं नाही. मी सभेत सांगितलं होतं ते तुझ्या हुशारीचं कौतुक होतं. तू सांभाळतेस त्या आजी रात्री कुणाला न सांगता उठायला जातात आणि पडतात. म्हणून तू जुन्या चादरीची पट्टी फाडलीस, एक टोक त्यांच्या मनगटाला सैल, दुसरं तुझ्या. त्या हलल्या की तुला जाग. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कपडेवाली म्हणाली, "मला द्या ती पट्टी, नवऱ्याला बांधते. उठून कुठं जातो ते तरी कळेल." इतकं हसू झालं की पुढचं भाषण कुणी ऐकलं नाही. पत्रक करणाऱ्यानं त्याचं काय करून ठेवलं, ते छापून आल्यावर मला कळलं.

तू जाऊ नकोस. ताप आला म्हण, पाय मुरगळला म्हण. आजवर कामावर एकही खाडा केला नाहीस, तर एक खाडा माझ्यासाठी कर. समितीसमोर दोन बहिणी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहिल्या, तर त्या दिवशी कायद्याचं कुणी बोलणार नाही, आपलंच बोलतील.

तुझी,
ताई

११ तारीख, रविवार

धाकटे,

पत्र मिळालं. पाकिटावर पत्रापेक्षा तिकिटंच जास्त होती. "मला कुणी बांधलेलं नाही. हे मी चारचौघांत सांगणार आहे. तू खोटं पसरवलंस, तेही सांगणार." खाली सहीसुद्धा नाही. अक्षर ओळखते म्हणून बरं.

पाठीमागच्या बाजूला दोन ओळी आहेत, त्या तू नंतर लिहिल्यास, शाई वेगळी आहे. हे कलम आलं तर एकीच्या जागी तीन बायका ठेवाव्या लागतील, ते जमणार नाही, मग सासूबाईंना आश्रमात ठेवू, असं बाईसाहेब म्हणाल्या. आणि तू विचारलंयस, "आश्रमात त्यांना डाव्या बाजूनं कोण भरवणार?"

त्या दोन ओळींवर मी दोन दिवस काढले. याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणजे सभेत द्यायला आहे, कागद बघून. तुला द्यायला नाही.

गेल्या पत्रात मी एक गोष्ट सरळ लिहिली नव्हती. ते पत्रक छापण्याआधी मला दाखवलं होतं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी वाचून दाखवायला सांगितलं. ऐकलं, आणि गप्प बसले. आम्ही इतकी वर्षं "रात्रीची सलग विश्रांती" म्हणून ओरडत होतो, कुणी मान वळवून बघितलं नाही. ते चित्र लागलं आणि रस्त्यावरच्या बायका थांबायला लागल्या. दवाखान्यामागच्या बंगल्यातली आया तुला आठवत नसेल. तिला दाराबाहेर पडायची मुभा फक्त भाजी आणायला. पिशवी हातात घेऊनच ती आमच्या मागणीपत्रावर सही करून गेली. जाताना म्हणाली, "ताई, आपलं कलम राहील ना?" तिच्याकडे बघितल्यावर पत्रकातलं वाक्य खरंच आहे असं वाटायला लागतं. तुझ्याबाबतीत ते खरं नव्हतं, एवढंच.

शुक्रवारी मी संघटनेच्या बैठकीत सांगितलं, पत्रक मागे घ्यायचं. जे झालं ते तुला कळायला हवं, कारण उद्या कुणी वेगळं सांगेल.

आधी भांडीवाली उठली. तुला माहीत आहे ती, तोंडानं तिखट, पण मोर्चात सगळ्यात पुढे. म्हणाली, "आम्ही हिच्यामागे उन्हातान्हात घोषणा देत फिरलो, आणि हिची सख्खी बहीण मालकिणीची बाजू घेणार. आता ही म्हणते, पत्रक फाडा. उद्या म्हणेल, कलमही फाडा."

मी म्हटलं, "जे झालं नाही ते आपण छापलं."

"झालं नाही म्हणजे? ती रात्री झोपते का?"

"नाही."

"मग बांधलेलीच की! दोरी कुणी बांधली, याला काय चाटायचंय?"

वकीलबाई मध्ये पडल्या. त्यांचं म्हणणं, मागे घेतलं तर सुनावणीत पहिला प्रश्न त्यावरच येईल, नाही घेतलं तर तू तोंड उघडताच आम्ही खोटे ठरू. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी हात वर करून ठरलं. पत्रक मागे, आणि सुनावणीत संघटनेतर्फे मी बोलायचं नाही. भांडीवाली बोलणार. खजिनदार मावशींनी चहा ओतता ओतता टोमणा मारला, "अध्यक्षीणबाईंना आधी घरची सुनावणी आटपू दे."

आणखी एक झालं. तू आजींना अंघोळ घालताना घसरलीस आणि तेव्हापासून तुझी पाठ धरते, हे एकीला ठाऊक होतं. तिला वाटत होतं, ते मी समितीला लिहून द्यावं. म्हणजे तू काहीही बोललीस तरी आपल्याकडे हुकमाचा पत्ता राहील. मी नाही म्हटलं. तुझी पाठ तुझी आहे. ती चारचौघांत मांडायची की नाही, ते तू ठरव.

तू जाऊ नकोस, असं आता म्हणत नाही.

ताई

ता. क. डाव्या बाजूनं का भरवावं लागतं, हे बाईसाहेबांना ठाऊक आहे का? की आश्रमाचं नाव काढताना त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही?

१८ तारीख, रविवार

धाकटे,

या वेळी तीन पानं! मी ती चुलीपुढे उभी राहून वाचली आणि दूध उतू घालवलं.

रागावू नकोस, पण पहिलं पान वाचताना मला हसू आलं. सुट्टी नको हे सांगायला जायचं, तर त्यासाठी सुट्टी घ्यावी लागते. हे एवढ्या शिकलेल्या लोकांच्या आधी लक्षात कसं आलं नाही? आणि तू त्यांना सांगितलंस तेव्हा बाईसाहेब काय म्हणाल्या? "मग बदलीची बाई बघ ना कुणीतरी." वा! आपल्या कामाचा हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण मी ज्या ज्या घरात पाय ठेवला तिथं तो आहे. आजारी पडा, मयतीला जा, लग्नाला जा, आपल्या जागी दुसरी बाई आपणच आणून उभी करायची. आणि तीही अशी आणायची, की काम नीट करेल, पण आपल्याहून बरं करणार नाही. नाहीतर बदलीवर गेलेली घरच गिळते. मालकांच्या वतीनं साक्ष द्यायला निघालेल्या बाईलाही हा नियम चुकला नाही, हे मी भांडीवालीला सांगितलं. ती इतकी हसली, की आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या पानावर मात्र हसू गेलं.

बदलीसाठी एजन्सीची बाई येऊन गेली. चांगली होती, तू लिहिलंयस, हात स्वच्छ, आवाज हळू. पण आजींनी तोंड मिटलं ते मिटलंच. तिनं उजवीकडून चमचा नेला, आजींना ठसका लागला, त्यांनी तिच्या हातावर फटका मारला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग बाईसाहेबांनी डॉक्टरांना विचारून मार्ग काढला. सुनावणीच्या सोमवारी सकाळी गुंगीचं औषध द्यायचं. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, झोपून राहतील."

आणि खाली तुझं वाक्य. "आजी मला घरातलीच मानतात, हे मी तिथं जाऊन सांगायचं, आणि मी ते सांगावं म्हणून इथं त्यांना गुंगीत ठेवायचं. ताई, मला काही कळेनासं झालंय."

कितीतरी दिवसांनी तू मला ताई लिहिलंस.

धाकटे, तू जायला नकार दिलास तर ते तुला काढतील, हे मला कळतं. तुला दुसरं घर नाही. माझ्या खोलीत तू राहायला येणार नाहीस, हेही कळतं, गेल्या वेळी भांडून गेलीस तेव्हा राहिलेली तुझी पिशवी अजून खुंटीवर आहे. आणि गेलीस तर आजींचं असं होणार. तू मला काय करू विचारलेलं नाहीस. तरी सांगते.

बदलीला मी येते.

हसू नकोस. आईला आपण दोघीच भरवत होतो ना? तिलाही उजवा गाल कळत नव्हता. तू डोकं धरायचीस, मी चमचा. मान थोडी खाली, घास डावीकडे, गिळल्याचं दिसल्याशिवाय दुसरा नाही. पाणी नुसतं नाही, दाट करून. कूस बदलताना आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा. यातलं काही मी विसरलेले नाही. तरी आजींची माणूस म्हणून खोड काय, कशानं हसतात, कशानं चिडतात, ते लिही.

बाईसाहेबांपासून लपवून मी यायची नाही. मी कोण ते त्यांना सरळ सांग. नाही म्हणाल्या तर म्हणाल्या.

ताई

२२ तारीख, गुरुवार

धाकटे,

तर बाईसाहेब हो म्हणाल्या. तुझ्या पत्राआधीच मला ते वकीलबाईंकडून कळलं होतं, कारण बाईसाहेबांनी ते मालकांच्या संघात मोठ्या खुशीनं सांगितलं. "त्या पुढारीणबाई येतायत आमच्याकडे कामाला. येऊ दे, बघू दे डोळ्यांनी."

वकीलबाई भडकल्या आहेत. म्हणाल्या, "ताई, त्यांनी तुम्हाला त्या दिवशी सभागृहाबाहेर काढलं, आणि वर तुमच्याकडून कामही करून घेणार. एवढं स्वस्तात कुणी जात नाही." मी म्हटलं, मला तसंही बोलायचं नव्हतंच. "बोलायचं नव्हतं, पण तुम्ही समोर बसलेल्या असता. तुमच्या तोंडाकडे बघून तिला खोटं बोलता आलं नसतं."

ते मला लागलं. म्हणून तुला सांगते. मी समोर नसेन. तू माझ्याकडे बघून घाबरून काही बोलावंस किंवा गिळावंस, असं मला नको आहे. आणि तू खोटं बोलशील, असं वकीलबाईंना वाटतं, मला वाटत नाही. तुला कुणी बांधलेलं नाही, हे खरंच आहे. ते सांग. आजी तुझ्या हातूनच जेवतात, हेही खरं आहे. भीती मला खोट्याची नाही. तुझी खरी वाक्यं ते एका ओळीत अशी लावतील, की त्यातून सुट्टी नको असं निघेल. माझ्या एका खऱ्या वाक्याचं आमच्या माणसांनी काय केलं, ते तू पाहिलंसच.

याहून जास्त मी शिकवणार नाही. शिकवलं तर मीही त्यांच्यासारखीच.

इथली हवा चांगली नाही. काल बैठकीत दोघी माझ्या शेजारून उठून पलीकडे बसल्या. नळावर एक म्हणाली, "दात आपलेच, ओठही आपलेच, चावलं तर सांगायचं कुणाला?" समोर बघून म्हणाली, मला ऐकू यावं म्हणून. दवाखान्यामागची ती आया परवा पुन्हा भेटली. भाजी घ्यायचं सोडून उभी राहिली. तुझ्याबद्दल तिच्या कानावर गेलं होतं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्या बाईला तिथं नेणार, म्हणजे तिला एक दिवस बाहेर सोडतायत तर." आणि बटाटे न घेताच निघाली. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. कलम पडलं, तर तिच्या समोरून मी कशी जाणार?

आता सोमवारचं.

मी रविवारी दुपारच्या गाडीनं निघते. संध्याकाळी पोचेन. मागच्या दारानं यायचं असेल तर तसं कळव, मला त्याचं काही वाटणार नाही, तीस वर्षं मागच्याच दारानं जातेय. रात्री तू एकदा माझ्यासमोर आजींना भरव, मी बघते. मग मी भरवते, तू बघ. गुंगीचं औषध घरात असलं तरी ते माझ्या हातून जाणार नाही, हे बाईसाहेबांना मी स्वतः सांगेन. आजींनी दिवसभर तोंड मिटलं, तर मी दिवसभर चमचा धरून बसेन. मला दुसरं काम नाही.

तुला न्यायला सकाळी गाडी येणार, असं तू लिहिलंयस. पुसून ठेवलेल्या चपला घाल, त्या लाल पट्ट्याच्या नकोत, पट्टा तुटतो. सुनावणी अकराला सुरू होईल. आधी भांडीवाली. तिला मी सांगितलंय, माझ्या बहिणीवर एक शब्द नको. ती म्हणाली, "शब्द नाही, पण बघेन तरी." तेवढं तू सहन कर, ती सगळ्यांकडे तसंच बघते. मग मालकांच्या संघाचे एक गृहस्थ बोलतील, त्यांना बराच वेळ दिला आहे. मग तुझं नाव पुकारतील. समितीत एक पांढऱ्या केसांच्या बाई आहेत, त्या प्रश्न विचारतात. वकीलबाई सांगतात, त्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारत आल्यात, "शेवटची सुट्टी कधी घेतली होती?" घाई करू नकोस, आठवून सांग. आठवली नाही तर आठवत नाही म्हण.

कलमाच्या बाजूनं आणि विरुद्ध, समितीत माणसं जवळपास सारखी आहेत. एक-दोघांचं ठरलेलं नाही. संध्याकाळपर्यंत कळेल, असं वकीलबाई म्हणतात. मी त्या घरी असताना त्या मला फोनवर कळवणार नाहीत, ते बरं दिसणार नाही. म्हणजे निकाल मला तुझ्याकडूनच कळणार. तू दारातून आत येशील, तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघेन. सांगायचं नसेल तर नको सांगूस, आधी हातपाय धू, खा.

माझी परतीची गाडी मंगळवारी सकाळी आहे. म्हणजे सोमवारची रात्र मला तिथंच काढायची आहे. बाईसाहेबांना विचारून ठेव. बदलीच्या बाईचं काम रात्रीसकट, असं मी धरून चालले आहे.

तर ती रात्र आजींजवळ मी आहे. खाटेपासून लांब, पलीकडच्या भिंतीला तुझं अंथरूण मी घालून ठेवते. आजी उठल्या, रडल्या, तुझं नाव घेऊन ओरडल्या, तरी तू उठायचं नाहीस. कलम राहो की पडो, उजाडेपर्यंत झोपायचं. मला काय बोलायचं आहे, शिव्या घालायच्या आहेत, ते मंगळवारी सकाळी, माझी गाडी सुटायच्या आधी.

ताई